गंगामूळ ते केडगाव

कर्नाटकातल्या कार्कळात दिवस पेजेने उजाडतो. लाल उकड्या तांदळाची जाडसर पेज, वर थोडं तूप, बाजूला लोणच्याची फोड आणि खोबऱ्याची चटणी. आम्ही नगरकडची माणसं. शिळी भाकरी, तेल-चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा यांवर वाढलेली. वहिनी आधी वाटीकडे बघून म्हणाली, "हे तर आजाऱ्याचं जेवण." मग तिने अर्धी वाटी आणखी मागून घेतली. खानावळीतली बाई हसली आणि काही न विचारता वाटी भरून ठेवली. या भागात माणसं कमी बोलतात आणि ताटाकडे नीट लक्ष ठेवतात. आमच्याकडे आग्रह मोठ्या आवाजात होतो, इथे तो हाताने होतो.

सगळीकडे जांभा दगड. घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे, रस्त्याच्या कडा, सगळं तांबडं, आणि त्यावर पावसाने चढवलेलं हिरवं शेवाळ. गावाच्या टेकडीवर १४३२ साली उभारलेली बाहुबलीची एकसंध दगडी मूर्ती आहे, बेचाळीस फूट उंच. ती शहराच्या बऱ्याच भागांतून दिसते. बाजारात तुळू, कोंकणी आणि कन्नड अशा तीन भाषा एकाच दुकानात ऐकू येतात. भाजीवाली गिऱ्हाईक बघून भाषा बदलते.

आम्ही आलो होतो पंडिता रमाबाईंसाठी. त्यांचा जन्म इथल्या घाटात, गंगामूळच्या रानात, २३ एप्रिल १८५८ चा. त्यांची कबर दौंड तालुक्यातल्या केडगावात. ही दोन टोकं एका प्रवासात बघायची असं माझ्या मनात बरीच वर्षं होतं. वहिनीला बरोबर घेण्याचं कारण वेगळं होतं. दादा गेल्याला वर्ष होत आलं होतं. तो गेला तेव्हा घरी रोज संध्याकाळी प्रार्थनेला माणसं येत. चांगली माणसं, आमचीच मंडळी. उठताना प्रत्येक जण वहिनीला सांगे, प्रभूची काहीतरी योजना असते, यातून तो भलंच करील. वहिनी मान हलवी आणि चहाचे कप गोळा करी. एका रात्री भांडी विसळताना ती मला म्हणाली, "योजना होती तर मला कुणीतरी विचारायला हवं होतं ना गं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून तो प्रश्न माझाही झाला.

कार्कळजवळ अत्तूरला संत लॉरेन्सचं मोठं चर्च आहे. आम्ही प्रॉटेस्टंट, संतांपुढे मेणबत्ती लावायची आम्हांला सवय नाही. तिथे मात्र ख्रिस्ती, हिंदू, सगळेच लावत होते. रेशमी साड्या नेसलेल्या कोंकणी बायका केसांत अबोली-मोगरा माळून मिस्साला आलेल्या. दारातल्या फुलवालीने वहिनीपुढेही गजरा धरला. आमच्याकडे ख्रिस्ती घरांतसुद्धा नवरा गेला की बाई फूल घालत नाही. कुठल्या शास्त्रात लिहिलंय कुणास ठाऊक, पण पाळतात. वहिनी घुटमळली. फुलवालीने पैसे घेतले नाहीत, गजरा तिच्या मुठीत ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मिस्सा संपेपर्यंत तो तिच्या मुठीतच होता.

या किनाऱ्याच्या ख्रिस्ती लोकांनीही खूप सोसलेलं आहे. १७८४ साली टिपूने त्यांना हजारोंच्या संख्येने धरून घाटावरून श्रीरंगपट्टणला नेलं. वाटेत आणि कैदेत किती मेले याचा हिशेब नाही. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर वाचलेले परत आले आणि त्यांनी पुन्हा घरं, शेतं, चर्चं उभी केली. आजच्या झगझगीत फरशीवर उभं राहिलं की ते सगळं पुसून गेल्यासारखं वाटतं. तसं वाटू देऊ नये, असं मला सारखं वाटत राहिलं.

कार्कळहून घाटाकडे निघालं की माळ नावाचं गाव लागतं. पोफळीच्या बागा, त्यांवर चढलेल्या मिरवेली, आणि बागांच्या आत लपलेली कौलारू घरं. एक घर दुसऱ्याला दिसत नाही. इथे चित्पावनांची जुनी वस्ती आहे. घरात ते बोलतात ती भाषा आपण लक्ष देऊन ऐकली तर अर्धी समजते आणि अर्धी हातून निसटते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे याच गावचे. आम्ही एका घरी पत्ता विचारायला थांबलो तर आजींनी आधी जगलीवर, म्हणजे ओसरीवर, बसवलं. पितळी तांब्यातून पाणी आणि सोबत गुळाचा खडा आला. गूळ-पाणी आमच्याकडेही देतात, म्हणून वहिनीला एकदम घरच्यासारखं वाटलं. मागून आमसुलाचं सरबत आणि केळीच्या पानावर नीर डोसे आले, ओलं खोबरं आणि गूळ घालून. आम्ही कोण, कुठल्या, हे विचारलं गेलं ते खाऊन झाल्यावर. मी सांगितलं, नगरच्या, ख्रिस्ती, रमाबाईंचा जन्म कुठला ते बघायला आलो. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तिची आई फार हुशार होती म्हणतात.

ती हुशारी डोंगऱ्यांना महाग पडली. अनंतशास्त्र्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं. गावाला आणि धर्मपीठाला ते रुचलं नाही. त्यांनी माळ सोडून घाटमाथ्यावरच्या रानात आश्रम बांधला. तिथे वाघरांचे आवाज ऐकत लक्ष्मीबाई शिकल्या, आणि पुढे त्यांनीच मुलीला शिकवलं. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना तो आश्रमही सुटला. वेताच्या पेटीत घालून त्यांना डोंगर उतरवून आणलं.

गंगामूळचं रान आता कुद्रेमुखच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्या इथून निघतात. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे आम्ही रस्त्यावरूनच बघितलं. गवताने झाकलेले गोल डोंगर आणि त्यांच्या घड्यांमध्ये दाटलेलं काळपट रान. ढग अंगावरून जात होते. वहिनीच्या चपलेवर जळू चढली. गाडीवाल्याने खिशातून मिठाची पुडी काढून तिच्यावर चिमूटभर मीठ टाकलं. आमच्या गावात बोअरला पाचशे फुटांवर पाणी लागत नाही, आणि इथे दगडातूनच ते पाझरतं. एवढ्या पाण्याच्या देशात जन्मलेल्या मुलीचे आईबाप पुढे अन्नावाचून गेले, ही गोष्ट तिथे उभं राहून पटायला जड जाते.

डोंगरे कुटुंब देवळांच्या आवारात पुराण सांगत देशभर फिरत असे. लोक देतील त्या धान्यावर गुजराण. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा दागिने गेले, भांडी गेली. मोलमजुरी येत नव्हती आणि भीक मागायची लाज वाटत होती. शेवटी रानात झाडपाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले आणि चालत राहिले, हजारो मैल. रानबोरं सालीबियांसकट गिळायची. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसेना तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, आत पडले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी लग्न झालं. १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. हातात राहिली लहानगी मनोरमा.

परतीच्या वाटेवर घाट चढून कर्नाटकातून वर सरकताना जमीन बदलत जाते. तांबडी माती करडी होते, मग काळी. पोफळी जाऊन ज्वारी येते, भात जाऊन भाकरी. निपाणीच्या पुढे वहिनीने पहिली भाकरी मोडली, पिठलं ओढलं, आणि कितीतरी दिवसांत न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "आता जीव आला." जेवताना आईचा विषय निघाला. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई आणि आत्या दोघी खडी फोडायला जात. उन्हात दिवसभर हातोडी, मग रांगेत उभं राहून सुकडी, आणि घरी अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी, ज्या जनावरंही नाखुशीने खात. दोघींनी एकच दुष्काळ एकाच अंगणात सोसला. पुढे बरे दिवस आले तेव्हा आईच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही. पोतराज, मरीआईवाला, शाळा चुकवलेलं पोर, जो येईल तो. आणि आत्याने धान्याच्या कणगीला कुलूप घातलं. किल्ली मरेपर्यंत कमरेला होती. भाच्यांना मोजून भाकरी मिळे.

आत्याला मी कधी वाईट म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. भूक तिच्या आत जाऊन बसली होती आणि कुणाला ती बाहेर काढता आली नाही. पण म्हणूनच, दुःख माणसाला घडवतं, असं कुणी म्हणालं की मी गप्प बसू शकत नाही. दुःख मोडतं. मोडलेल्यातून कधी आईसारखं काही निघतं, कधी आत्यासारखं. त्यामुळे जे भलं निघतं त्याचं श्रेय दुःखाला देणं मला देवाचा अपमान वाटतो. ते त्याचं काम आहे, दुष्काळाचं नव्हे.

पुण्यात आम्ही थांबलो नाही, नुसते गेलो. रमाबाईंची पुण्याची वर्षं सोपी नव्हती. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतित म्हणून टाकलेल्या बायकांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी तिथे पाहिल्या आणि विचारलं, हे तुम्ही का करता? उत्तरात त्यांना शोमरोनी बाईशी विहिरीवर बोलत बसलेला ख्रिस्त भेटला. विधवांसाठी काढलेलं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढल्या वर्षी पुण्याला आलं. मुली ख्रिस्ती होतील या धास्तीने १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसंही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पुणेकरांची बाजू मी समजू शकते. त्यांना फसवल्यासारखं वाटलं. रमाबाई एकट्या पडल्या, हेही तितकंच खरं.

केडगाव म्हटलं की आम्हा नगरकरांना आधी शहराच्या वेशीवरचं रेणुकामातेचं केडगाव आठवतं. हे दुसरं, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं. स्टेशनाबाहेर पडलं की हवेला गुळाचा वास असतो. चहूकडे ऊस आणि उसामध्ये गुऱ्हाळांची धुराडी. आम्ही एका गुऱ्हाळाशी थांबलो. चुलाणात चिपाडं जळत होती. काहिलीत रस उकळत होता आणि एक माणूस लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढून टाकत होता. मळी काढली की खालचा रस सोन्यासारखा दिसे, पुन्हा उकळी आली की पुन्हा मळी वर. त्याने उसाच्या कांड्यावर गरम काकवी गुंडाळून दिली. आमच्याकडची माणसं अनोळखी बाईशी बोलताना आधी गाव विचारतात, मग पाहुणे विचारतात. यानेही विचारले. कुठे निघालात म्हटल्यावर मी 'मुक्ती' म्हटलं, आणि त्याने हात करून वाट दाखवली. सगळ्या परिसराला ते नाव ठाऊक आहे.

रमाबाईंनी इथली जमीन घेतली ती शारदा सदनाला उत्पन्न असावं म्हणून. संत्री-आंब्यांची बाग लावावी इतकाच बेत होता. मग १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या आल्या आणि त्या निघाल्या. जवळ पैसा नव्हता. स्वतःच्या दुष्काळाच्या आठवणींनी त्यांना घरी बसू दिलं नाही, हे त्यांनीच लिहिलंय. तिकडच्या रस्त्यांवरच्या आणि निवाऱ्यांतल्या मुली-बायका त्यांनी शेकड्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुलींना थेट या शेतात ठेवलं. असं मुक्ती सदन झालं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर इथे दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. विहिरी खणल्या गेल्या. विणकाम, तेलघाणा, दूधदुभतं, भांड्यांना कल्हई, छापखाना, सगळं बायकाच चालवत. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. अंध मुलींसाठी बार्तमी सदन निघालं, आणि मनोरमा त्यांना ब्रेल शिकवी.

भुकेने काय होतं हे ज्याने वाचलंय तो धान्य पाठवतो. ज्याला ती भूक ठाऊक आहे, त्याला पोराच्या पोटाच्या फुगवट्यावरून आणि डोळ्यांवरून कळतं की किती दिवस झाले, आणि आधी पातळ काय द्यायचं. रमाबाईंना ते कळत होतं. झेलमच्या वाळूत पडलेली मुलगी त्यांच्या आत जिवंत होती. देवाने तो दुष्काळ यासाठी पाठवला, असं मी म्हणणार नाही. लक्ष्मीबाईंचं मरण कशाचीही किंमत म्हणून मला मान्य नाही. पण त्या मुलीला त्याने वाळूत एकटं सोडलं नाही, आणि तिच्या आठवणीतली एक काडीही वाया जाऊ दिली नाही, हे केडगावात उभं राहून मी म्हणते आणि ते म्हणताना मला संकोच वाटत नाही.

मुक्तीच्या आवारात आम्हांला एक मावशी भेटल्या. लहानपणी इथे आल्या, इथेच राहिल्या. त्यांनी आम्हांला सगळीकडे फिरवलं. चर्च, शाळा, मुलींची घरं. एका ओसरीत एक अंध आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप मांडीवर, बोटं दाण्यांवरून सरकणारी. खडा लागला की बोट थबके, अंगठा तो उचली आणि डाव्या बाजूच्या वाटीत टाकी. टकदिशी आवाज येई. मी मुद्दाम वाकून पाहिलं, त्यांनी निवडलेल्या भागात मला एक खडा सापडला नाही. वहिनी त्यांच्याजवळ बसली. दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही, फक्त आजींनी चाचपून तिचा मोकळा गळा आणि मनगट पाहिलं, आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. योजना हा शब्द कुणी काढला नसणार.

मला तेव्हा योसेफाची गोष्ट आठवली, तीही दुष्काळाचीच. भावांनी खड्ड्यात टाकलं, विकलं. तो मिसरात तुरुंगात गेला, वर आला, आणि दुष्काळात त्याच भावांना त्याने धान्य दिलं. तुम्ही वाइटासाठी केलंत ते देवाने भल्याकडे वळवलं, अशा अर्थाचं तो शेवटी बोलतो. आमच्याकडे प्रत्येक शोकसभेत हे वचन वाचतात. पण ते योसेफ बोलला. खड्ड्याच्या काठावर उभं राहून कुणी त्याला ते खाली ओरडून सांगितलं नव्हतं. आणि बोलण्याआधी तो किती रडला! आतल्या खोलीत जाऊन रडला, मोठ्याने रडला, इतका की बाहेर मिसरी लोकांना ऐकू गेलं. ते वाक्य त्याच्या तोंडी यायला वर्षं लागली. ते दुसऱ्याच्या वतीने बोलायचा हक्क कुणालाच नाही. शेजाऱ्याने फार तर सोबत बसावं, तांदूळ निवडावेत.

रमाबाईंच्या कबरीपाशी मावशींनी आम्हांला मनोरमेबद्दल सांगितलं. आईनंतर सगळं तिने बघायचं असं ठरलेलं होतं. ती आधी गेली, २४ जुलै १९२१ ला. रमाबाई त्यानंतर जेमतेम साडेआठ महिने जगल्या. हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचं कित्येक वर्षांचं काम त्यांनी त्या महिन्यांतही सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ मध्ये, इथल्याच छापखान्यात, इथल्याच बायकांनी जुळवलेल्या खिळ्यांचं. मनोरमेच्या जाण्यातून कोणतं भलं झालं, हे मला तिथे दिसलं नाही. शोधलंही नाही. काही मरणांपुढे फक्त पुनरुत्थानाची आशा असते, आणि उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवरही खिळ्यांचे वण तसेच होते.

दौंडहून नगरच्या गाडीत वहिनी खिडकीशी बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला अजून राग आहे बरं का. देवावर."

"असू दे," मी म्हटलं. "त्याला सोसतो."

"त्या मावशींकडे चार शिवणयंत्रं आहेत. शिकवणाऱ्या बाईंना आता दिसत नाही नीट." तिने पिशवीतून गुळाची ढेप काढून पायाशी नीट ठेवली. दादाच्या आजारपणात बंद पडेपर्यंत तिचं शिवणाचं दुकान होतं. "दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस येते म्हणून सांगून आलेय. भलं-बिलं मला काही ठाऊक नाही. पण पोरींना काजं करता येत नाहीत अजून, हातशिलाई नुसती पळवतात. तुला यायचं तर ये, पण तुला सुई धरता येत नाही, तू त्यांचा अभ्यास घे."

मी हो म्हटलं. मग ती कात्र्या कुठे धार लावायच्या याबद्दल बोलत राहिली, थेट विसापूर येईपर्यंत.